टोकदार गिटारीचं रबर

आमच्या वन्संच्या खोलीत शिरताना खांदा आत घ्यावा लागायचा. दाराशेजारीच भिंतीवर त्यांची गिटार टांगलेली असायची, आणि ती काही गोल नाही. बाणासारखी आहे. मान पुढे, अंगाच्या दोन लांब पाती मागे फाकलेल्या, रंग लालभडक. आमच्या यांच्या एका शर्टाचा खिसा तिने फाडलाय, माझ्या तर किती बाह्या उसवल्या त्याची गणतीच नाही. सासरे होते तेव्हा तिला नांगर म्हणायचे. "तुझा नांगर जरा बाजूला घे गं, मला चष्मा काढायचाय कपाटातून."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतात. घरी मुलांना गिटार शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये वाजवायच्या, कधी हॉटेलात, कधी कुणाच्या समारंभात. बँडची माणसं त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. शिकवायला साधी, गोल अंगाची गिटार. ही टोकदार फक्त स्टेजवर, पट्ट्याने खांद्याला अडकवून, उभ्याने.

मी नवी नवी या घरात आले तेव्हा न राहवून विचारलं होतं, "वन्सं, दुकानात इतक्या गोजिरवाण्या गिटारी असताना हीच का घेतलीत?"

त्या तारा पुसत होत्या. म्हणाल्या, "मी लहानपणापासून अशी काटकुळी. आई जवळ घ्यायची आणि म्हणायची, आधी तुझी कोपरं काढून ठेव. दुकानात ही दिसली, एकटीच टांगलेली, कुणी हातसुद्धा लावत नव्हतं. म्हटलं, हिलाही कोपरं आहेत." मग म्हणाल्या, "आणि गोल गिटारीच्या मागे लपता येतं. हिच्या मागे नाही लपता येत. भित्र्या माणसाला ते बरं असतं."

वन्सं भित्र्या, हे मला पटायला पुढे बरीच वर्षं लागली.

मग त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. देवाने आमच्या वन्सं आम्हाला परत दिल्या, याहून मोठं मागणं माझ्याकडे नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डाव्या खांद्यावर पट्टा अडकवायचा नाही आणि डाव्या हातावर कसलाही भार टाकायचा नाही. पट्टा नाही म्हणजे उभ्याने वाजवणं संपलं. बसून गोल गिटार घेतली तर तिची मान खाली झुकायची, ती डाव्या हाताने तोलून धरावी लागायची, आणि थोड्याच वेळात हात सुजायचा. बोटं चालत होती, दंड साथ देत नव्हता. त्यांनी शिकवणी बंद केली, मुलांना दुसऱ्या सरांकडे पाठवलं, आणि एक दिवस बघते तर माझ्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या.

मला धडकीच भरली. वन्संनी जन्मात कधी घडी घातली नव्हती.

"ताई, ती लाल घेऊन बसून बघ ना," आमचे हे म्हणाले.

"ती मांडीवर राहते थोडीच. घसरगुंडी आहे नुसती. बँडमधल्या सगळ्यांनी बसून पाहिलंय, सगळ्यांची खाली आली."

मग त्यांनीच बँडच्या ड्रमवाल्याला फोन केला. "नवीन मुलगी घेतलीत ना गिटारला? तिला माझी लाल देऊन टाक. रोज भिंतीवर बघवत नाही मला."

तो संध्याकाळी येणार होता. देताना धुळकट कशाला द्यायची, म्हणून मी ओलं फडकं घेऊन बसले. वरची पात पुसली, खालची पुसली. खालच्या पातीच्या बाहेरच्या कडेवर फडकं अडकलं. बघते तर तिथे काळ्या रबराची पट्टी, आडव्या रेघांची. एवढी वर्षं बाह्या फाडून घेतल्या, पण ही पट्टी कधी दिसली नव्हती.

तेवढ्यात ड्रमवाला मोठी पिशवी घेऊन आला. वन्संही बाहेर येऊन स्टुलावर बसल्या.

"वन्सं, हे रबर कशाला हो?"

"पहिल्यापासून आहे. शोभेला असेल."

"शोभेला रबर कोण लावतं? मिक्सरच्या पायाला असतं तसं आहे हे. टेकवायच्या जागी लावतात."

"आम्हाला वाटायचं, भिंतीला घासू नये म्हणून," ड्रमवाला म्हणाला.

"तुम्हाला काय काय वाटायचं," वन्सं म्हणाल्या आणि गिटार मांडीवर घेतली, नेहमीच्या गिटारीसारखी आडवी. ती सरळ खाली घसरली. "बघितलंस?"

पण त्यांनी परत दिली नाही. रबरावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग गिटार जराशी फिरवली. दोन पातींमधली खाच उजव्या मांडीवर बसवली, खालची पात दोन्ही मांड्यांच्या मध्ये सोडली. रबर डाव्या मांडीला आतून टेकलं. गिटारीची मान आपोआप वर आली. वन्संनी डावा हात हळूच काढून घेतला. गिटार हलली नाही. उजवाही काढला. तरी नाही.

ड्रमवाला पिशवीचं तोंड उघडून तसाच उभा.

"वहिनी, ती स्पीकरला जोडायची वायर दे गं कपाटातली," वन्सं म्हणाल्या. आवाज त्यांचा होता आणि नव्हताही.

तारा इतक्या उतरल्या होत्या की काय वाजतंय तेच कळेना.

"मास्तरीणबाई, बेसूर वाजवताय."

"तू गप. तू कधी सुरात होतास?"

"ड्रमला सूर नसतो."

"म्हणूनच टिकलास."

तो रिकामी पिशवी काखेत मारून गेला. खाली उतरताना मला म्हणाला, "वहिनी, डोळे पुसा आता, फडकं आहेच हातात."

आता वन्सं बँडच्या मध्यभागी खुर्चीवर बसून वाजवतात, बाकीचे उभे. दोन गाण्यांनंतर हात दुखतो, तेव्हा ती नवीन मुलगी पुढचं सांभाळते. शिकवणीलाही थोडी मुलं परत आलीत. पूर्वीसारखं सगळं झालेलं नाही, पण जे आहे ते कमी नाही.

रोज देवापुढे हात जोडते तेव्हा डॉक्टरीणबाईंची आठवण काढते. आणि ज्या कुणी त्या गिटारीला रबर लावलं, त्याचीही. नाव माहीत नाही, तो कुठे असतो माहीत नाही. एवढी उभ्याने मिरवायची वस्तू केली, आणि तरी वाजवणारा कधीतरी बसेल, हे त्याच्या मनात आलं.

गिटार हल्ली भिंतीवर कमी आणि स्टुलावर जास्त असते. त्यामुळे खांदा वाचतो, पण गुडघा सापडतो. परवा चहा द्यायला गेले तर माझी ओढणी तिच्या टोकात अडकून टर्रकन फाटली.

"थांब, मी शिवून देते," वन्सं म्हणाल्या.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही वाजवा."