पप्पांच्या बसमधले अकरा इंजिनीयर

थांबा, जेवण राहू दे, हे आधी सांगते, नाहीतर पोटात दुखेल माझ्या! मी आज पालघरच्या कॉलेजात बीएससीची फी भरून आले. आणि हे ठरलं कुठे माहितीये? पप्पांच्या बसमध्ये. काल सकाळी. सगळ्यांसमोर!

पप्पा कंपनीची बस चालवतात. बोईसर-बेटेगावची माणसं घेऊन तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सोडतात. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पुढच्या सीटा साहेब लोकांच्या, मागच्या ऑपरेटर-हेल्परच्या. मी पहिलीत होते तेव्हापासून पप्पांचं एकच, "माझी पोरगी पुढच्या सीटवर बसणार."

आणि मला काही कळतच नव्हतं. सीईटीचे मार्क असे की विरारकडच्या एका खासगी इंजिनीयरिंग कॉलेजात नंबर लागला असता. तिथली फी ऐकून आई नुसती भाकरी थापत राहिली. त्या भाकरीचा पार पापड झाला. पालघरला केमिस्ट्रीसाठी नाव लागलं होतं, फी आवाक्यातली, पण भरायची शेवटची तारीख आज. इंजिनीयरिंगच्या प्रवेशाचे राऊंड अजून सुरूही नाहीत.

परवा मी बोलून टाकलं, "पप्पा, मला खरंच माहीत नाही मला इंजिनीयर व्हायचंय का."

"मग सकाळी गाडीत बस. माझ्या गाडीत अकरा इंजिनीयर हायत. त्यांनाच इचारू."

मला वाटलं, एकेकाला हळूच विचारू. कसलं काय! बेटेगावला शेवटचा माणूस चढला आणि पप्पांनी इंजिनच बंद केलं. "ओ साहेब, ही माझी पोरगी. इंजिनीयर व्हावं का नाय, सांगा हिला. मगच गाडी हलंल."

मी सीटखाली शिरायचीच बाकी होते.

"कर गं, डोळे मिटून कर!" एक दादा म्हणाले.

"यांनी डोळे मिटूनच केलं, म्हणून सहा वर्षं लागली!" शेजारचे ओरडले. अख्खी बस हसली. मागून एक ऑपरेटर काका, "बेटा, पहले साहब लोगों की नींद तो पूरी होने दे!"

मग तिघं कर म्हणाले, चौघं नको म्हणाले, आणि एकाने झोपेतच मान हलवली, ती कुठल्या बाजूची कुणालाच कळलं नाही.

तेवढ्यात पुढच्या खिडकीतल्या, मांडीवर डबा घेतलेल्या ताईंनी विचारलं, "ते सोड. तुला आवडतं काय?"

मला एकच सुचलं. "टायट्रेशन. प्रॅक्टिकलला थेंब थेंब टाकत जातो आणि एका थेंबात सगळं गुलाबी होतं ना, ते."

"बरोबर वेळी थांबतेस?"

"नाही, एक थेंब जास्तच पडतो."

"माझाही पडायचा." त्या हसल्या. "मी बीएससी. सफाळ्याहून रोज पालघरला जायचे. आता इथे लॅबला आहे."

त्यांच्या मागचे साहेब, खरेखुरे इंजिनीयर, म्हणाले, "माल तपासून हिने सही केली नाही तर माझा एक ड्रम गेटबाहेर जात नाही. रोज हिच्या दारात उभा असतो मी."

"आणि बीएससी करून इंजिनीयरिंग करावंसं वाटलंच तर तेव्हा कर," ताई म्हणाल्या. डबा उचलून बाजूला सरकल्या. "ये, बस इथे."

मी बसले. पुढच्या सीटवर! पप्पा आरशातून बघत होते. त्यांनी बस सुरू केली आणि रस्ता मोकळा असताना उगाच हॉर्न वाजवला. दोनदा.

आज फीच्या खिडकीवर त्यांनी पावती तीनदा वाचली. "एवढीच? पूर्ण वर्षाची ना ही?" आणि बाहेर येऊन मला विचारतात, "ते गुलाबी काय होतं, सांग बरं नीट." मी बोईसर येईपर्यंत सांगत होते!

तुमच्याही घरच्यांनी तुमचा प्रश्न असा चारचौघांत मांडलाय का? आणि उत्तर भलत्याच सीटवरून आलंय का? सांगा ना!