उकंडाजींचा फेटा

सहाव्या दिवशीही उकंडाजी मजेत होते, आणि मी त्यांच्याहून मजेत होतो.

अफू सुटताना माणसाचं काय होतं ते पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. जांभया येतात, डोळ्यांना-नाकाला धार लागते, पोटात पिळे पडतात, जुलाब होतात. म्हणून ती एकदम तोडत नाहीत. अफूचा अर्क, म्हणजे टिंक्चर, मिक्स्चरमधून थेंबांनी द्यायचा आणि थेंब हळूहळू कमी करत न्यायचे. मी निम्म्यावर आलो होतो आणि उकंडाजींना साधी जांभईही नव्हती. महाराष्ट्र राज्य नवीन होतं, मीही नवीन होतो. चिखली तालुक्यातल्या सहा खाटांच्या दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक. मी बुलढाण्याला सिव्हिल सर्जनसाहेबांना लिहून टाकलं, पेशंट सहाव्या दिवशी लक्षणमुक्त.

आमचे कंपाउंडर वानखडे मुरलेले होते. "सायेब, कागद धाडला काय?" त्यांनी विचारलं. धाडला म्हटलं. "मंग आता त्यायच्या डोळ्यातल्या बाहुल्या पाहून घ्या."

पाहिल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. पोटात अफू असली की बाहुल्या अशा बारीक होतात, सुटायला लागली की मोठ्या होतात. म्हणजे म्हातारा माझ्या थेंबांशिवाय कुठून तरी अफू खात होता.

उकंडाजी उंद्रीचे. परवान्यावर अफू मिळायची ते सरकारी दुकान बंद होणार होतं, पण ते त्यासाठी आले नव्हते. नातू रडायचा थांबेना म्हणून त्यांनी त्याला अफूचं बोट चाटवलं होतं. तेव्हा बरेच लोक चाटवायचे. पोर दीड दिवस उठलं नाही. उठलं त्याच दिवशी सून कमल त्याला घेऊन मेहकरला माहेरी गेली. अफू सुटल्याशिवाय नातू दिसणार नाही, असं सासऱ्याला तोंडावर सांगून गेली. हे सांगताना उकंडाजी माझ्याकडे बघत नसत.

त्यांची बायको सरूबाई बाहेर निंबाखाली तीन दगडांवर स्वयंपाक करायच्या. वानखडेंनी भाकरी मोडून पाहिल्या. ठेचा चाखून पाहिला आणि तासभर पाणी पीत बसले. गादी उसवली. काही नाही. शेवटी मलाच दिसलं. म्हातारा बोलत नसला की फेट्याचं सुटं टोक त्याच्या तोंडात असायचं.

फेटा द्या म्हटलं.

"घरात कोनी मेलं नाही, डाक्टरसाहेब. फेटा काऊन काढू?"

त्या भागात जुना माणूस डोकं उघडं ठेवायचा ते मयतीला. मी समजावलं, रागावलो, थकलो. मग वानखडेंच्या सल्ल्याने दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, 'दाखल पेशंटने डोके उघडे ठेवावे.' खाली सही, वर शिक्का. उकंडाजींना वाचता येत नव्हतं. शिक्का मात्र त्यांनी नीट निरखला आणि फेटा काढून दिला.

बादलीत बुडवल्याबरोबर पाणी चहासारखं झालं. मी फेटा काढून पिळतोय तोवर चौकीदाराच्या शेळीने त्या पाण्यात तोंड घातलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मी दोनदा जाऊन तिची नाडी पाहिली, हे आता सांगायला हरकत नाही.

सरूबाईंनी काहीच नाकारलं नाही. फेट्याचं टोक अफूच्या पाण्यात त्यांनीच भिजवलं होतं. "चाळीस वर्सं मीच घोळून देल्ली त्यायले. तडफडतानी कशी पाहू?"

मी त्यांना खूप बोललो. नातू हवा की अफू हवी, असंही बोललो. वय सव्वीस होतं, तोंड त्याहून मोठं. त्या बोचकं बांधून शेजारच्या गावी बहिणीकडे निघून गेल्या.

आता उकंडाजींची अफू खरोखर सुटायला लागली. मी थेंब थोडे वाढवले, तरी डोळे-नाक वाहायचे ते वाहिलेच. दुसऱ्या दिवशी उंद्रीचा एक ओळखीचा माणूस बाजाराला जाताना डोकावला. त्याला दिसलं ते असं: चूल थंड, बायको कुठे नाही, आणि म्हातारा उघड्या डोक्याने भिंतीकडे तोंड करून बसलाय, डोळ्यांना धार. अशा वेळी कोणी काही विचारत नाही. तो दारातूनच हात जोडून परतला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीतून पंधरा-वीस माणसं उतरली. बाया फाटकापासूनच रडत आल्या. उंद्रीहून मेहकरलाही निरोप गेला होता. पुढे कमल, कडेवर पोर, सासूच्या नावाने रडत. "आत्याबाई व, लेकीवानी ठेवलं मले, अन् मी तुमाले नातू दिसू देला नाही व." मी घाबरून खाटा मोजल्या. सगळे पेशंट जिवंत होते.

आवाज ऐकून उकंडाजी बाहेर आले. बायको गेली हे त्यांना त्या रडण्यातूनच कळलं. दोन दिवस ती दिसली नव्हती, त्यामुळे त्यांनाही खरं वाटलं. ते बायांच्या पुढ्यातच खाली बसले. आता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सरूबाई फाटकातून आल्या. राग ओसरला होता. पण दवाखान्यापुढची रडारड बघून त्यांनी ताडलं की अफूवाचून नवरा गेला. बोचकं टाकून त्या बायांच्या मागे बसल्या आणि सगळ्यांहून मोठ्याने रडू लागल्या. मी आणि वानखडे ओट्यावरून हे बघत होतो.

आवाज ओळखून कमल वळली. तिच्यामागोमाग सगळेच वळले आणि गप्प झाले. गर्दीपलीकडे सरूबाईंना नवरा दिसला.

"मंग मेलं कोन?" त्यांनी विचारलं.

"तूच," उकंडाजी म्हणाले.

वानखडेंनी सगळ्यांना चहा पाजला. मी सगळा प्रकार सांगितला. कमलने पोर कोणाच्याही हाती दिलं नाही. दोरीवरचा फेटा ओढला, टोक दाताखाली धरलं आणि थुंकली. "अजून कडू हाये," एवढंच म्हणाली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. सरूबाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभ्या होत्या. मग मी काही न सांगता त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि फेटा उकळला. त्या आठवड्यात तीनदा उकळला.

अफू सुटायला एकूण महिना लागला. मधे एकदा उकंडाजींनी बायकोच्या पायावर डोकं ठेवलं, एवढीशी दे म्हणून. त्या उठून निंबाखाली गेल्या, तिथे रडल्या, पण घोळून दिली नाही. मला त्या दिवशी माझं आधीचं बोलणं आठवून लाज वाटली.

डिस्चार्जच्या दिवशी कमल आली. फेट्याचं टोक तोंडात धरून तिने बराच वेळ चावलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"सोड्याची चव हाये," ती म्हणाली, आणि पोर सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. उकंडाजींनी त्याला हात लावण्याआधी दोन्ही हातांची बोटं धोतराला पुसली, आणि पुन्हा एकदा पुसली.

सिव्हिल सर्जनसाहेबांचं उत्तर तोवर येऊन पडलं होतं. अभिनंदन, सहा दिवसांची पद्धत कळवा. मी थेंबांचा तक्ता पाठवला, सहा दिवसांच्या जागी एक महिना लिहिलं, आणि खाली एक ओळ जोडली: पेशंट दाखल करताना फेटा धुवून घ्यावा, मात्र आधी घरच्यांना तसे कळवावे.