मार्सेलिनची तरंगती बंडी

मार्सेलिन दार्दारला पोहता येत नव्हतं. बहात्तर वर्षांची बाई, त्यातली सहासष्ट वर्षं होडीत गेलेली, आणि पाण्यात तिचे पाय एकदाही अधांतरी सुटलेले नव्हते. यात कुणाला नवल वाटायचं नाही. लुइझियानाच्या दक्षिण टोकाला, बायूच्या, म्हणजे संथ दलदली खाडीच्या, काठाकाठाने पसरलेल्या आमच्या वस्तीत तिच्या पिढीतलं कुणीच पोहायला शिकलं नाही. शिकायचं कशाला? होडीतून पडलं तर मांडीएवढा चिखल लागायचा. माणूस उभा राहायचा, निथळत होडीत चढायचा आणि पुढचे आठ दिवस अख्ख्या वस्तीचे टोमणे ऐकायचा.

पण मार्सेलिन कधी पडलीच नव्हती. तिच्या बापाने सायप्रसच्या लाकडातून केलेली ती होडी इतकी अरुंद, की दुसरा कुणी तीत शिंकायलाही धजला नसता. मार्सेलिन मागच्या टोकाला उभी राहायची, गुडघे सैल सोडून, आणि नऊ फुटी काठी तळाला टेकवत लव्हाळ्यातून पुढे जायची. आवाज नाही. काठावरचे बगळेसुद्धा मान वळवायचे नाहीत. उथळ पाण्यात कुठे लाल माशाची पाठ किंचित वर आलेली दिसली, की ती खाली बसायची, काठी आडवी ठेवायची, गळ उचलायची आणि त्याच्या तोंडापुढे वीतभरावर कोळंबी टाकायची.

तिला बारा वर्षांची होईपर्यंतच शाळा मिळाली. त्यापुढची शाळा गावात होती आणि गावातल्या शाळेत तेव्हा आमच्या मूळनिवासी लोकांची मुलं घेत नसत. एकोणिसाव्या वर्षी तिने खेकडे धरणाऱ्या ओनेझिमशी लग्न केलं. तीन मुलं वाढवली, ती तिघंही नोकऱ्यांपायी उत्तरेला गेली. वादळात घर दोनदा गेलं; दुसऱ्यांदा त्यांनी ते सोळा फूट उंच खांबांवर बांधलं. ओनेझिमचे गुडघे गेले तेव्हापासून तो वरच्या ओसरीत बसून जाळी विणायचा आणि मार्सेलिन एकटी पाण्यावर जायची.

त्या वर्षीच्या ऑगस्टात एका दुपारी ती भिजून घरी आली.

"पाऊस आला का तिकडे?" ओनेझिमने विचारलं.

"नाही."

"मग डोक्यापर्यंत भिजलीस कशी?"

"खेकड्यांनी हात धरून ओढलं."

ओनेझिम हसला नाही. त्याने जाळं खाली ठेवलं. ती टॉवेलने केस पुसत राहिली, मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "काठी टेकली नाही."

"कुठे?"

"बाबांच्या कुरणात."

ओनेझिमला ते कुरण ठाऊक होतं. लग्नाआधी वर्षभर त्याच कुरणात त्याने तिच्या बापाच्या गाई राखल्या होत्या, मुलगी मिळावी म्हणून. पुढे तेल काढणाऱ्या कंपन्यांनी कालवे खणले, कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, मुळं सुटली आणि माती दरवर्षी थोडी थोडी वाहून गेली. आधी कुरणाची दलदल झाली, मग दलदलीचं तळं, आणि आता तिथे नऊ फुटी काठी टेकत नव्हती. मार्सेलिनने सवयीने काठीवर भार टाकला होता, काठी खाली जातच राहिली, तिच्यामागून हात गेला, हातामागून ती. एका हाताने होडीचा काठ धरून ती किती वेळ लोंबकळत होती, हे तिने त्याला सांगितलं नाही.

"एर्मिनकडे जा," तो म्हणाला. "लाइफ जॅकेट घेऊन ये."

"ती नारिंगी उशी? ती गळ्यात अडकवून वल्हं मारून बघ एकदा. हनुवटी आभाळाला लागते."

"लागू दे. या गुडघ्यांनी मी तुला कुठे शोधत फिरू? जॅकेट नाही तर होडी नाही. कुलूप घालीन."

"होडी माझ्या बापाची आहे."

"आणि कुलूप माझ्या बापाचं."

एर्मिनचं दुकान बायूच्या वरच्या अंगाला, पुलाजवळ. जिवंत कोळंबी, बर्फ, गळ, दोऱ्या आणि दुपारी लाल घेवड्याचा भात. पन्नाशीची, ऐसपैस अंगाची ही बाई गिऱ्हाइकाला हवं ते कधी लगेच देत नसे. आधी चार प्रश्न विचारायची.

"बसून वल्हवता की उभ्याने, तांत मार्सेलिन?" वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे तांत म्हणतात, म्हणजे मावशी.

"दोन्ही. काठी असली की उभी. वारा असला की बसून."

"पाठ टेकता?"

"मागे फळी लावून दिलीय त्याने. या वयात टेकते."

एर्मिनने भिंतीवरची पहिली बंडी काढली. ओळखीची, नारिंगी, गळ्याभोवती जाड कॉलर असलेली. मार्सेलिनने ती हातात न घेताच मान हलवली. दुसरी दिसायला बरी होती, पण तिच्या पाठीत वरपासून खालपर्यंत जाड फोम. एर्मिनने बर्फाची पेटी भिंतीला लावून ठेवली, तिच्यावर मार्सेलिनला बसवलं आणि हातात वल्हं दिलं. "मारा."

भात खायला आलेली माणसं घास हातात धरून बघू लागली. मार्सेलिनने हवेतच दोन्ही बाजूंना वल्हं मारलं. पाठीतला फोम भिंतीवर दाबला गेला आणि अख्खी बंडी वर सरकून कानांना लागली.

"कासव झालं माझं," ती आतून म्हणाली.

तिसरी बंडी नव्हतीच, नुसता पट्टा. पाण्यात पडल्यावर दोरी ओढायची, की तो हवेने फुगणार आणि मग तो डोक्यावरून गळ्यात चढवायचा. वल्हवायला सगळ्यात मोकळा हाच, आणि पोहणारे लोक हाच नेतात, असं एर्मिन म्हणाली.

"आणि न पोहणारे?"

"त्यांना मी हा विकत नाही. घाबरलेल्या माणसाला दोरी सापडत नाही."

मग तिने आतल्या खोलीतून चौथी आणली. रंग पिकलेल्या लिंबासारखा. पुढे फोमचे दोन जाड भाग, मागे फोम फक्त खांद्यांच्या पात्यांवर, पातळ, आणि त्याच्याखाली कमरेपर्यंत नुसती जाळी. हातांच्या जागा मोठ्या कापलेल्या. मार्सेलिन पेटीवर बसली. पाठ जाळीतून थेट भिंतीला टेकली आणि फोम वरच राहिला. तिने वल्हं मारलं. दंड कुठे घासला नाही.

"छातीवर दबते मात्र."

"पुरुषांच्या मापाची आहे. थांबा." एर्मिनने दुसरी दिली, पुढून बाईच्या अंगाला बेतलेली. कुशीचे पट्टे खालून वर, एकेक करून ओढले. मग काही न सांगता तिने दोन्ही खांदे धरून बंडी जोरात वर उचलली. मार्सेलिनच्या टाचा उचलल्या गेल्या, पण बंडी हनुवटीपर्यंतही आली नाही.

"वजन किती हे बघून लोक माप घेतात," एर्मिन म्हणाली. "छाती बघायची असते. आणि खांद्याला धरून ओढल्यावर कानाला लागली, तर समजायचं, पाण्यात बंडी वर तरंगेल आणि बाई खाली जाईल."

"खिसे फार आहेत."

"पक्कड एकात, शिट्टी एकात. बाकीचे रिकामे ठेवा. फुगलेल्या खिशात गळ अडकतो. आणि विकत घेण्याआधी पाण्यात उतरून बघा. दुकानात सगळ्याच तरंगतात."

मार्सेलिनचा चेहरा उतरला. उतरायचं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सहासष्ट वर्षं तिने पाणी वरून पाहिलं होतं.

"इथे पुलाखाली उतरा. कमरेएवढं आहे," एर्मिन म्हणाली.

"कमरेएवढ्या पाण्यात मी मरणार नाहीये. जिथे मरेन तिथेच बघते."

सप्टेंबरच्या अखेरीस, एका रविवारी संध्याकाळी, एर्मिनने आपली मोटरची होडी त्यांच्या घराखाली आणली. बरोबर येणार म्हणून ओनेझिम सोळा फुटांचा जिना एकेक पायरी बसत उतरला. वारा पडला होता. वठलेले ओक पाण्यात उभे होते. त्यांच्यावरूनच मार्सेलिनने जागा ओळखली. "इथे फाटक होतं," ती म्हणाली. "आणि तिथे गोठा." एर्मिनने मोटर बंद केली.

होडीला मागे छोटी शिडी होती. मार्सेलिनने पट्टे पुन्हा ओढून पाहिले, शिडीच्या शेवटच्या पायरीवर गेली आणि तिथेच थांबली. पाणी कोमट होतं. एक पाय खाली सोडून ती तळ शोधत होती.

"नाही सापडणार," ओनेझिम म्हणाला. "ये वर. आपण कोंबड्या पाळू."

तिने शिडी सोडली.

 दोन्ही पाय खाली, आणखी खाली गेले, आणि खाली काहीच नव्हतं. तिने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी काखेखाली हात घालून उचलावं तशी ती थांबली. बंडी जागची हलली नाही. हनुवटी पाण्याबाहेर होती, मान मोकळी होती. तिने एक श्वास घेतला. मग दुसरा घेतला, कारण पहिल्याने काही बिघडलं नव्हतं.

"पाय सोडा, तांत," एर्मिन म्हणाली. "मागे रेला. ती धरेल."

मार्सेलिन हळूहळू मागे रेलली. पाणी मानेवर आलं, कानांत आलं, आणि जगाचा आवाज बंद झाला. वर आभाळ होतं, कुठेच न अडलेलं. लहानपणी ह्याच जागी गवतात उताणी पडून तिने आभाळ पाहिलं असेल. पण तेव्हा पाठीला जमीन होती. आता तिच्या आणि त्या जमिनीच्या मध्ये दोन पुरुष पाणी होतं आणि ती त्यावर अलगद पडली होती, एखाद्या पिसासारखी.

मग तिला ऐकू आलं. आधी तडतड, तव्यावर मोहरी तडतडावी तशी, चहूबाजूंनी. ती बारक्या कोळंबीची होती. आणि तिच्याखाली, फार खोलातून, ठोके. ढुम, ढुम, ढुम. एक थांबला की दुसरा, मग दहा, मग मोजण्यापलीकडे. तिला वाटलं, आपलंच काळीज. तिने छातीवर हात ठेवला. काळीज वेगळं वाजत होतं.

ते लाल मासे होते. होडीत ओढलेला नर कधीकधी पोटातून घुरघुरतो, हे वस्तीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मार्सेलिनने ती घुरघुर हजार वेळा ऐकली होती, मरणाऱ्या माशाची. पण विणीच्या दिवसांत हे सगळे नर मिळून माद्यांना साद घालतात, दूरदूरपर्यंत पाणी घुमवतात, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिच्या बापाने ऐकलं नव्हतं. सहासष्ट वर्षं ह्या नादाच्या डोक्यावरून ती वल्हवत गेली होती आणि बगळा उडू नये एवढ्याचीच काळजी घेत होती.

ठोके पाठीच्या जाळीतून आत येत होते. बरगड्यांना लागत होते. गोठा होता तिकडून येत होते, फाटक होतं तिकडून येत होते. जमीन गेली तेव्हा इथलं सगळं मेलं, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

वर होडीत ओनेझिमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मार्सेलिन! ए मार्सेलिन! एर्मिन, ही बोलत का नाही? डोळे उघडे आहेत आणि बोलत नाही!" तो काठाशी वाकला, हातातलं वल्हं तिच्या खांद्याला लावलं.

मार्सेलिनने डोकं उचललं. तिचे गाल ओले होते आणि ते नुसत्या खाडीच्या पाण्याने नव्हते. "ओरडू नकोस," ती म्हणाली. "खाली ढोल वाजताहेत."

"बाईला पाणी लागलं," ओनेझिम एर्मिनला म्हणाला.

"वल्हं पाण्यात सोड," मार्सेलिन त्याला म्हणाली. "दांडा कानाला लाव."

एरवी त्याने आधी वाद घातला असता. पण तिचा चेहरा पाहून त्याने वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांड्याचं टोक कानाशी नेलं. काही क्षण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. मग त्या गेल्या. त्याने दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली, आमच्या चर्चमध्ये शिरताना पुरुष काढतात तशी. एर्मिनने बघितलं आणि तीही तळफळीवर आडवी झाली, कान लाकडाला लावून. आभाळ तांबूस होऊन विझेपर्यंत तिघं ऐकत राहिली.

मार्सेलिन शिडीशी आली. एर्मिनने तिला वर ओढलं आणि बंडीचे पट्टे सोडायला हात घातला.

"राहू दे," मार्सेलिन म्हणाली. "ही मी घेतली."

घरी पोचल्यावर तिने बंडी गोड्या पाण्यात धुतली आणि सावलीत वाळत घातली, कारण ऊन फोम खातं असं एर्मिनने बजावलं होतं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा होडी घेऊन निघाली, बसून, वल्ह्याने. काठी तिने उथळ जागांसाठी ठेवली. पहिले काही दिवस बंडीशी तिचं भांडण झालं. गळ टाकताना डावा पट्टा हाताशी यायचा. तिने त्याचं लोंबतं टोक दुमडून शिवून टाकलं आणि मग बंडी अंगावर आहे हे विसरू लागली.

थंडी पडल्यावर मुलीने फोन करून उत्तरेला राहायला बोलावलं. तिथे घर जमिनीवर आहे, जिना नाही, दवाखाना जवळ आहे. सगळं खरं होतं आणि ओनेझिम जायला निम्मा तयारही झाला होता. मार्सेलिनने फोनवर मुलीला त्या संध्याकाळचं सांगायचा प्रयत्न केला. कसा आवाज, कुठून येतो, अंगाला कसा लागतो. शब्द अपुरे पडले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "सप्टेंबरात ये. अंगाला येईल अशी बंडी एर्मिन देईल."

मुलगी आली. चार दिवसांची रजा काढून, नवऱ्याला न आणता. बाजूबाजूला दोघी पाण्यात उताण्या पडल्या, एकीची पिवळी बंडी, दुसरीची निळी, आणि पाण्याखाली मार्सेलिनने लेकीचा हात धरून ठेवला होता. ठोके सुरू झाले तसा तो हात घट्ट झाला.