मोठेबाबांनी धरून ठेवलेला लोटा

सगळ्यात आधी काशीबाई आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

अंगणात पाय टाकत नाही तोच आईला विचारते, "काऊन वं, पाहुणे येऊन राहिले म्हणे? दवनीवाड्याचे? आमाले सांगतलं पण नाही!"

आई म्हणाली, "तुले सांगाची गरज कधी पडली?"

शेजारीण होती आमची. पाहुणा गावाच्या शिवेवर पोचायच्या आधी तिला त्याचं कूळ माहीत असायचं.

पाहुणे मला पाहायला येत होते.

आज मोठेबाबांची पुण्यतिथी. सकाळपासून तोच दिवस डोळ्यांपुढे तरंगून राहिला, म्हणून लिहिते. नात म्हणते, आजी फोटो टाक. फोटो एकच आहे. त्यात काळा कोट दिसतो, माणूस नाही दिसत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. बाबा मी लहान असतानाच गेले. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात आई आणि मी मोठेबाबांच्याच आधारानं होतो.

आधी ते वकील. मग देशाच्या पहिल्या इलेक्शनला उभे राहिले आणि झाले की आमदार!

बैलबंडीतून प्रचार केला. भाषण कमी, लोकांच्या घरचा चहा जास्त.

आमदार असताना आमच्या ओसरीत बसायला जागा नसायची. कोणाला रस्ता पाहिजे, कोणाला शाळा, कोणाच्या तलावाची पाळ फुटलेली. सगळ्यांना एकच उत्तर, "पाहतो ना बापू."

आणि पाहायचे पण!

विधानसभेला जाताना छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेजनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. राजधानी तेव्हा नागपूरच. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर जायची, गाडी गेली तरी उभीच. धुराची रेघ धानाच्या बांध्यांवर पसरत पसरत धुक्यात मिसळून जायची. मला वाटायचं, नागपूर त्या धुराच्या आतच कुठंतरी असेल.

मग ते जज झाले.

आमदार झाले तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात. जज झाले तेव्हा मुंबई राज्यात. राज्यं बदलली; घर तेच, बांध्या त्याच. आता ओसरी मात्र रिकामी झाली. कोणी आलं की मोठेबाबा आधीच सांगायचे, "घरचं बोला. कोर्टाचं नाही."

लोक म्हणायचे, "आमदार होता तवा आपला होता. जज झाला अन् सरकारचा झाला."

तर तो दिवस.

मोठेबाबा मुद्दाम सुट्टी घेऊन भंडाऱ्याहून आले होते. कोर्ट तिथंच, आमचा जिल्हा तेव्हा भंडाराच. कार्तिकाचं ऊन कोवळं, कापलेल्या धानाचा वास, चुलीवर शिंगाडे उकडत होते. तलावावरचं धुकं उठता उठेना. सगळं गाव अर्ध्या झोपेत असल्यासारखं.

आमच्याकडे रीत अशी. मुलगी पाहायला पाहुणे आले की घरातल्या मोठ्या पुरुषानं लोटा भरून पाय धुवायला पाणी द्यायचं. पाणी घेतलं की पाहुणा घरचा. मग बैठक, मग मुलगी, पसंती झाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

पाहुणे आले. पुढे मुलाचे वडील, पाटील. मागे मुलगा, चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल. जवळच्या वाटेनं, बांधीतून आला असणार.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बस्स. माझी पसंती तिथंच झाली!

स्थळ माझ्या मामानं आणलेलं. मोठेबाबांना फक्त गाव ठाऊक. त्यांनी लोटा उचलला, पाटलांचं नाव विचारलं, आणि थांबले.

"बोडीच्या पाण्याची केस चालू आहे, ती तुमचीच का?" बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं.

पाटलांचा चेहरा खुलला. "हो हो साहेब! तुमच्याच कोर्टात!"

अर्धी केस तर इथंच जिंकलो, असंच हसले ते.

मोठेबाबा लोटा धरून तसेच उभे.

माझ्या मागून काशीबाई फुसफुसली, "पाणी काऊन नाही देऊन राहिले वं?"

आईनं पदर तोंडात धरला. "मोडलं. माया पोरीचं लगन या कोर्टानं मोडलं."



मोठेबाबा हळूच म्हणाले, "पाटील, पाणी दिलं का आपण सोयरे झालो. सोयऱ्याची केस मी चालवू शकत नाही. ती दुसऱ्या साहेबाकडे जाईल. अन् त्याच्या कानात मी एक शब्द टाकणार नाही. विचार करा, मंग पाय पुढं करा."

"सोयरा असून आमची बाजू नाही घ्याची?"

"सोयरा आहो म्हणूनच."

पाटलांचे पाय जिथल्या तिथं.

तेवढ्यात मागून मुलगा बोलला, "बाबा, आपण पोरीले पाहाले आलो ना? मंग पाहू तर द्या!"

काशीबाईला हसू आवरेना. ती हसली तशी सगळी ओसरी हसली. पाटील पण हसले, जरा उशिरानं.

आणि त्यांनी पाय पुढे केला.

दगडावर पडणाऱ्या त्या पाण्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. मग कितीतरी वेळ जागं व्हावंसं वाटत नाही.

केस दुसऱ्या साहेबाकडे गेली, आणि सासरे ती हरले. सासरे शेवटपर्यंत मला चिडवायचे, "सून लय महाग पडली बावा!" आणि ताटातला पहिला घास माझ्याच पोरांना भरवायचे.

मोठेबाबा, कोणी तुम्हाला आमदारसाहेब म्हणालं, कोणी जजसाहेब. माझ्यासाठी तुम्ही बापच. सुखात राहा, जिथं असाल तिथं. तुमच्या पोरीचा नमस्कार.

त्या दिवशी तांदळाची खीर खाऊन पाहुणे छोट्या गाडीसाठी निघाले. बंडीत बसता बसता पाटील मोठेबाबांना म्हणाले,

"येतो मंग. गुरुवारी, साक्षगंधाले."