चहा ते चहा

विमानाचा इतका कट्टर शत्रू सगळ्या भोपाळात दुसरा नसेल. आमच्या वरच्या क्वार्टरमधले काका कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. टाउनशिपमधून कोणीही भोपाळ-पुणे प्रवास करून आलं की आधी त्यांच्याकडे हजेरी. ते वही उघडत आणि विचारत, "इथला शेवटचा चहा किती वाजता? तिथला पहिला?" मधला सगळा वेळ म्हणजे प्रवास. विमानवाल्यांचे त्यात मोजे शोधण्यापासूनचे तास धरले जात. "विमान उडतं दीड तास, ताई. बाकी दिवस माणूस रांगेत उभा!" रस्त्याचा न्याय मात्र वेगळा. आम्ही गाडीनं सतरा तासांत पुण्याला पोचलो, तेव्हा मी वेळांची यादीच पुढे ठेवली. काकांनी सेंधव्याच्या घाटातला खोळंबा वजा केला, पंक्चर वजा केलं ("त्यात रस्त्याचा काय कसूर?"), धुळ्याचं जेवण वजा केलं ("ते कुठेही जेवलाच असता") आणि तेरा तास लिहिले. आतून काकू म्हणाल्या, "स्वतः बारा वर्षांत उज्जैनपलीकडे गेले नाहीत. बसल्या जागी पुणं जवळ आणतात!"

मग एका सकाळी सातला भावाचा पुण्याहून फोन आला. आईचं दुसऱ्या दिवशी पहाटेच ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला मला बघायचं होतं. मी यादी केली: औषधं, दोन साड्या, गॅस बंद, गाडी. गाडीसाठी वर गेले, कारण भरवशाचे सगळे ड्रायव्हर काकांच्या वहीत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही उघडली, मिटली.

"विमानानं जा."

काकूंच्या हातातला झारा कढईत पडला.

"अहो काका, पण तुमचे तेरा तास?"

"तेरा नाही लागत, ताई. तुम्हाला सतरा लागले होते." एवढंच म्हणून ते पायात चपला सरकवायला लागले. दुपारच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट निघालं, पुढे टॅक्सी. अशोका गार्डनची गर्दी टाळून बायपासनं त्यांनी मला स्कूटरवर विमानतळावर नेलं. वाटेत विमानाबद्दल एक वाकडा शब्द नाही. नुसतं, "बॅग घट्ट धरा."

रात्री आठला मी आईजवळ होते. "जेवलीस का?" तिनं विचारलं. तासभर ती बोलली, लोणच्याच्या बरणीपासून भावाच्या पोटापर्यंत सगळ्यांची खबर घेतली. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

पंधरा दिवसांनी परतले आणि सवयीनं वेळा लिहिलेला कागद घेऊन वर गेले. काकांनी तो हातातही घेतला नाही. "भेट झाली ना? बस." मग चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

पुढे एकदा ते भाजी आणायला गेले असताना काकूंनी मला वही दाखवली. माझ्या नावापुढे, वाहनाच्या रकान्यात, काकांनी लिहिलं होतं: टॅक्सी. विमानाचा उल्लेखही नाही! तासांच्या रकान्यात आकडा नव्हता. एकच शब्द होता: वेळेत.

चुकीची नोंद दिसली की माझ्या हाताला खाज सुटते. पेन पर्समध्येच होतं. मी वही मिटून जागेवर ठेवली.