सव्वा फेरा

ती घटना आजही आठवते, कारण त्या दिवशी एका निरपराध माणसाच्या हातात बेडी पडायला फक्त एका रात्रीचा अवकाश होता, आणि ती पडावी असं मलाही वाटत होतं.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. ठाणे जिल्ह्यात पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, तेव्हा ओळखीचं एक माणूस इकडे नव्हतं. खात्याने भाकरी दिली, त्याचे उपकार मी कधी विसरलो नाही. पण प्रत्येक कागद मी दोनदा लिहायचो. चूक निघेल आणि परत पाठवतील, अशी भीती. हवालदार झालो तरी ती गेली नाही. बायको-मुलं गावी आणि मी ठाकुर्लीला एका खोलीत.

डोंबिवलीच्या औद्योगिक भागात रंगाचा एक कारखाना होता. त्यांनी दोन मोठे पंखे मागवले होते. घरातले पंखे नव्हेत. शंखासारखं लोखंडी कवच, आत पात्यांचं जड चाक आणि बाहेर निघालेला दांडा. आतली वाफ ओढून धुराड्यात सोडायची, हे त्यांचं काम. इमारत तयार नव्हती म्हणून दोन्ही पंखे आठ महिने मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होते. पहिला बसवून चालू केला, तर सगळा पाया थरथरायला लागला. उघडून पाहिलं, तर दांड्याच्या दोन्ही टोकांची नवी बेअरिंग गायब आणि त्यांच्या जागी जुनी, झिजलेली.

मॅनेजरने फिर्याद दिली आणि शेडच्या वॉचमनवर संशय सांगितला. किल्ली त्याच्याकडेच असायची. त्यात आमच्या खबऱ्याने सांगितलं, "पिकल्या मिशांचा वॉचमन शहाडच्या भंगारवाल्याकडे दोनदा दिसलाय." मला वाटलं, केस संपली.

वॉचमन माण तालुक्यातला, साठीला टेकलेला, शेडच्या कोपऱ्यातच राहणारा. सोमवारी सकाळी त्याला पोलीस ठाण्यात आणून बसवला.

"भंगारवाल्याकडे कशाला गेला होतास?"

"ताडपत्री फाटली व्हती सायेब. दोनदा तुकडा आनला."

"मालकाने पैसे दिले?"

"न्हाई. मागायला भ्या वाटलं."

"खोटं बोलतोस."

तो गप्प झाला. चोर गप्प होतो तसाच, असं मला वाटलं. आज लिहायला लाज वाटते, पण मी त्याची गचांडी धरली होती. फौजदारसाहेब आत येऊन म्हणाले, "हवालदार, संध्याकाळपर्यंत कबूल करतोय का बघा. नाही तर सकाळी अटक दाखवू आणि कल्याण कोर्टात उभा करू."

ते ऐकून म्हाताऱ्याने हात जोडले. म्हणाला, "कोर्टात नेलं तर मला गावात तोंड दावता येनार न्हाई." आणि जरा वेळाने, अगदी हळू आवाजात विचारलं, "सायेब, आज सोमवार न्हवं का? दुसरा पंखा कोन फिरवनार?"

माझ्या शेजारचा शिपाई हसला. "घ्या! स्वतः आत चाललाय आणि पंख्याला वारा घालतोय."

मला मात्र हसू आलं नाही. ज्याने माल विकला, तो उरलेल्या मालाची काळजी कशाला करेल? मी स्टूल ओढून त्याच्या समोर बसलो. "काका, फिरवायचा म्हणजे काय?"

अरे-तुरे सोडल्यावर तो बोलायला लागला. पंखा नुसता ठेवून चालत नाही. चाकाचं सगळं वजन बेअरिंगच्या एकाच जागी पडतं, तिथे गंज धरतो, खड्डे पडतात. म्हणून पंखे उतरवून घेणाऱ्या इंजिनिअरने त्याला नेमून दिलं होतं: दर सोमवारी दांडा हाताने सव्वा फेरा फिरवायचा. पूर्ण फेरा नाही, नाही तर चाक परत जुन्याच जागी येतं. दांड्यावर खडूची खूण होती. ती या सोमवारी वर, पुढच्या सोमवारी उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे.

"आठ म्हैने एक सोमवार चुकला न्हाई. दुसरं हाय कोन मला बोलायला? फिरवताना त्येच्याशीच चार शब्द बोलायचो."

मी ठाकुर्लीच्या खोलीत स्टोव्हशी बोलायचो, हे त्याला सांगितलं नाही.

"कधी काही वेगळं वाटलं?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "एकदा चूक झाली सायेब माझ्याकडनं. शिवरातीनंतरच्या सोमवारी गेलो, तर पयल्या पंख्याची खूण उजवीकडं पायजे, ती खाली व्हती. म्हनलं, मागल्या बारीला आपलंच फिरवायचं चुकलं. कुनाला कळायच्या आत जुळवून टाकली. हाताला जड बी लागला."

"सांगितलं का नाहीस?"

"काढून टाकलं असतं."

म्हणजे त्या दोन सोमवारांच्या मध्ये दांडा दुसऱ्या कुणीतरी फिरवला होता. मी कारखान्यात जाऊन फाटकावरची वही काढली. त्या आठवड्यात शेडमध्ये बाहेरचा एकच माणूस गेला होता. पंखे बसवणाऱ्या ठेकेदाराचा फिटर, गुरुवारी, पायाच्या बोल्टची मापं घ्यायला. दुपारभर आत होता. वॉचमनला मॅनेजरने तेवढा वेळ पुढच्या फाटकावर बसवलं होतं.

फिटर कळव्याचा, बोलायला चटपटीत; पहिला पंखा बसवला तेव्हा तो दुसऱ्या कामावर होता. "साहेब, मी तर ताडपत्रीला हातपण नाही लावला. मापं घेतली आणि निघालो."

"बरं. सहज विचारतो, दांड्यावर पांढरा पट्टा होता ना? रंगाचा?"

"रंगाचा कुठला साहेब, खडूचा..."

तो मध्येच थांबला. ताडपत्रीखालचा खडू त्याला कसा दिसला, हे विचारायची गरज उरली नव्हती. तासाभरात त्याने कबुली दिली. पंचांसमक्ष त्याच्या कळव्याच्या घरातून पहिल्या पंख्याची दोन्ही बेअरिंग मिळाली. दुसऱ्या पंख्यातली दोन अजून शाबूत होती. त्यालाही तो हात घालणार होता.

या केसने मला एक शिकवलं. परमुलखात एकटा राहणारा माणूस गुन्हा लपवत नाही, तो आपल्या नसलेल्या चुका लपवतो. त्याला "काय केलंस?" विचारलं, तर तो गप्प बसतो. पुढे मी अशा माणसांना विचारायचो, "काय सावरून घेतलंस?" पुष्कळ प्रकरणं त्या एका प्रश्नाने सुटली.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याला सोडायचं होतं. आमच्याकडे रीत अशी, की चौकशीला आणलेला वयस्क माणूस ओळखीच्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायचा आणि त्याचं नाव नोंदवायचं.

"काका, इथे तुमच्या ओळखीचं कोण?"

त्याने खूप विचार केला. "कोन न्हाई सायेब."

मी माझं नाव लिहिलं. फौजदारसाहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे नियमात बसतं का, हवालदार?"

"नाही साहेब."

त्यांनी खाली सही केली आणि कागद मला परत दिला.