कानापासून मोजलेली उंची

भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणाऱ्या दोरीला बांधलेल्या वजनावरून त्या गवंड्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीवर त्याचा कधी विश्वास बसला नाही आणि माणसांवर तर त्याहून नाही. मुकादम मापात मारतो, वाळूवाला ओली वाळू गळ्यात मारतो, आणि डॉक्टर सगळे एका माळेचे मणी, हे त्याचं ठाम मत. अपवाद एकच, थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

ती ताई एका सकाळी कपडे पिळता पिळता “डोक्यात काहीतरी फुटलं रे” म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. दुपारी ती अतिदक्षता विभागात होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कवटीला बारीक भोक पाडून नळी घालावी लागणार होती. ओळंब्याने संमतीचा कागद तीनदा वाचला, मागची कोरी बाजूही उलटून पाहिली, मग सही केली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला त्याला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसू लागलं. दिवे मंद का? गुंगीचं औषध कशाला? ताईने काही सांगू नये म्हणून?

“कवटी हाडाची, ती फुगत नाही,” सिस्टर म्हणाली. “आत रक्त साचलं की मेंदूवर दाब येतो. म्हणून उसं उंच, मान सरळ, आणि मेंदूतलं पाणी थोडं थोडं बाहेर काढतोय. ही बाटली तिच्या कानापासून मोजून लावलीय. वर सरकली तर पाणी अडतं, खाली सरकली तर नको तेवढं वाहून जातं.”

हे त्याला पटलं. जन्मभर पाण्याच्या नळीनेच त्याने भिंतींची पातळी काढली होती. तरीही तो थेंब मोजत बसला. मिनिटाला तीन-चार.

चौथ्या दिवशी चादर बदलायला आलेल्या मावशींनी उसं आणखी वर केलं. बाटली होती तिथेच राहिली आणि थेंबांची धार लागली.

“सिस्टर, डोकं वर गेलं. बाटली नाही गेली.”

“काका, रोज तुमचं काहीतरी...” म्हणत ती वळली आणि तिचा हात आधी नळीच्या तोटीवर गेला. डॉक्टरांनी येऊन ताईच्या बुबुळांवर बॅटरी मारून पाहिली. “वेळेत सांगितलंत. चूक आमची,” ते म्हणाले.

संशय खरा ठरूनही त्याला समाधान वाटलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मनात आलं, इतकं सरळ कबूल करतात, म्हणजे आणखी काय लपवत असतील?

लपवलेलं काही नव्हतं. आठवड्याने नळी दिवसभर बंद ठेवून पाहिली, दाब चढला नाही, मग ती काढली. महिन्याभराने ताई घरी आली. डावा हात लुळा, आणि स्वभाव पार बदललेला.

“माझी पेटी कुणी उघडली? तूच,” ती रोज म्हणते. डॉक्टरांनी सांगितलंय, असं होतं, कमी होईल.

ओळंबा वाद घालत नाही. पेटी तिच्यासमोर आणतो, एकेक लुगडं काढून दाखवतो, पुन्हा घडी घालून ठेवतो. ती डोळे बारीक करून त्याच्या हातांकडे बघत राहते.

“सगळी आहेत?” तो विचारतो.

“आत्ता आहेत,” ती म्हणते.